लोणारचा समुद्र

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन लोणारचं सरोवर बघायला गेलो होतो. उतरणीवर आमच्यापुढे एक जोडपं चाललं होतं. डोणगावकडचे मळेवाले, एवढं एस.टी.तच कळलं होतं. तो सारखा मागे वळून बायकोपुढे हात करायचा आणि ती तो हात न धरताच हसत उतरायची.

काठावर त्यानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिलाही लावायला सांगितलं.

"खारं हाय का नाई?"

"हाव."

"मंग! समुद्र दाखवीन म्हन्लं होतं ना लग्नात? हा पाह्य!"

समुद्राला नारळ देतात, हे त्यानं कुठूनसं ऐकलं होतं. पिशवीतला नारळ काढून, हळदकुंकू लावून त्यानं तो हात जोडून पाण्यात सोडला. वाऱ्यानं नारळ फिरून त्याच्याच पायाशी आला.

"समुद्रानं परसाद देल्ला!" तो इतक्या आनंदानं ओरडला, की आमची मुलं धावत गेली. त्यानं नारळ दगडावर फोडून पहिले तुकडे त्यांनाच दिले.

ती खोबरं घेऊन माझ्याकडे आली. मी काही बोलणार, एवढ्यात हळूच म्हणाली, "समुद्राले पल्याडचा काठ दिसत नसते म्हने, भाऊ. पन आमच्या यायले हे सांगू नका. लय हौशीनं आनलं यायनं मले."

मग ती काठाशी परत गेली आणि त्याला म्हणाली, "अवो, लय मोठा हाय बाप्पा हा समुद्र!"