वरल्या वस्तीचा तिवडा

गुरुवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी वरल्या वस्तीवर पहिल्यांदा बस आली. ती चाचणीची फेरी होती. वर वळता आले, तर बस रोज येणार होती.

ती पाहायला मी त्याआधी दोन तास निघालो होतो. घनसावंगीहून काळी-पिवळीने (भाड्याची जीप) टेकडीच्या पायथ्याशी उतरलो आणि मुरमाच्या रस्त्याने चढू लागलो. जानेवारीचे धुके होते. खालचे उसाचे पट्टे आधी फिकट झाले, मग नाहीसे. कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. कधी डावीकडे, कधी डोक्यावर. या धुक्यात मी वस्ती ओलांडून पुढे गेलो. चुलीच्या धुराचा वास मागून आला, तेव्हा परतलो.

वस्ती बावीस घरांची. सरकारी कागदात गाव म्हणून नोंद नाही, फाट्यावर पाटी नाही. शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा खाली, सहा किलोमीटरवर. तिथे नाव घातलेल्या तीन मुली पायी जाऊन थकल्या होत्या. बस सुरू झाली नाही, तर संक्रांतीनंतर त्यांना परतूरला नातेवाइकांकडे ठेवायचे ठरले होते. त्यांतली एक द्वारकाबाईंची; मी त्यांच्याच ओट्यावर टेकलो.

द्वारकाबाईंनी उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढे ठेवल्या.

"धुक्यानं फिरवलं का पाहुण्याला? मागल्या साली आमचे मालक शेजाऱ्याच्या घरात जाऊन जेवायला बसल्ते."

वस्तीत सपाट जागा एकच, सगळ्यांचे खळे. त्याच्या मधोमध तिवडा (मळणीचे बैल बांधायचा खांब). मळणी आता यंत्राने होते, पण तिवडा कुणी काढत नाही. तिवडा उपटला म्हणजे वस्ती उठली, असे इथे मानतात. बसला वळायला जागा पुरते का, हे लोकांनी त्याच्याभोवती बैलजोडी फिरवून पाहिले होते.

बस आधी ऐकू आली. मग दोन पिवळे दिवे धुक्यात तरंगत वर आले. चालकाने दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेला मागचे चाक उताराच्या कडेला गेले आणि पुढचा भाग तिवड्याला टेकला.

"हा खुंटा काढा, न्हाईतर गाडी न्हाई वळायची," तो म्हणाला.

"बैल तर बराबर फिरल्ते," किसनबा म्हणाले. हे द्वारकाबाईंचे सासरे. तिवडा त्यांच्या वडिलांनी पुरला होता.

"मंग बैलांवरच न्या पोरींना शाळंत. जल्दी सांगा, मला पुढची फेरी हाय."

कुणीतरी हसले. किसनबा तिवड्याला हात लावून उभे राहिले.

"मामंजी," द्वारकाबाई मागून म्हणाल्या, "पोरी परतूरला गेल्यावर हितं तिवडा कुणासाठी ठेवता?"

 किसनबांच्या पटक्यावर दव साचले होते. बस घरघरत उभी होती. धुक्यातून माणसे येत राहिली आणि खळ्याच्या कडेने थांबत राहिली.

"पहार आणा," किसनबा म्हणाले.

चौघांनी तिवडा हलवला. शेवटचा जोर किसनबांनी लावला. खळ्याच्या कडेला दुसरा खड्डा त्यांनीच खणला आणि तिवडा तिथे पुरला.

"उठला न्हाई," ते मुलींना म्हणाले. "सरकला."

दहा वाजून पाच मिनिटांनी बस एका फेरीत वळली. मी तिनेच खाली आलो. अर्ध्या उतारापर्यंत खिडकीबाहेर काहीच नव्हते. मग एकदम कपाशीची रिकामी शेते आणि ऊन. चाचणीसाठी आलेल्या तपासनीसाने वहीत लिहिले होते : 'गाडी वळते.'

पुढच्या सोमवारी मी द्वारकाबाईंना फोन केला. बस नऊ पंचवीसला आली होती. तिघी मुली बसल्या. किसनबाही चढले, फाट्यावर उतरले आणि पायी वर आले.