उजव्या कानातला कापूस

साल एकोणीसशे सत्तावन्न. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवाला तर नाहीच — तो माझा कोण लागतो? तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे मान खाली घालणं मला कधी जमलं नाही, आता या वयात काय जमणार?

माझा उजवा कान ठार बहिरा आहे. परळच्या आमच्या चाळीतलं कुणी जुनं माणूस उरलं असेल तर विचारा. ते सांगेल — भिकाजीने थोबाडीत मारली, तेव्हा गेला. सगळी चाळ हेच सांगायची. चाळीला काय, सांगायला काहीतरी लागतं.

मी मिलमध्ये साचे चालवायचो. साचे म्हणजे माग. शेकडो साचे एकदम धडधडतात, शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून साचेवाला ओठ वाचायला शिकतो. लांबून, अर्धा चेहरा दिसला तरी पुरे. हे लक्षात ठेवा. माझ्या वाट्याला जी काही विद्या आली ती एवढीच. शाळा दुसरीत सुटली.

त्या वर्षी माझी पोटरी सुजून लाकडासारखी झाली. इस्पितळात एक चष्मेवाला डॉक्टर म्हणाला, शिरेत रक्ताची गुठळी धरलीय, वर सरकली तर मराल. रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. तेव्हा त्या नव्याच होत्या. आठवड्याला रक्त तपासून घ्यायचं, हिरडीतून, नाकातून कुठूनही रक्त आलं तर पळत यायचं, आणि डोकेदुखीची पुडी अजिबात घ्यायची नाही. मी मान डोलावली. पुड्या तर माझ्या दिवसाला चार चालायच्या. साचेखात्यात डोकं कुणाचं दुखत नाही? त्या चष्मेवाल्या पोराने मला शिकवायचं? हिरडीतून रक्त यायला लागलं तेव्हा मी दात घासायचे बंद केले. असा मी शहाणा.

आणि हे आजारपण मी कुणाला कळू दिलं नाही. बायकोला सांगितलं, गोळ्या सांधेदुखीच्या आहेत. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीच्या चौकात रोज सभा, आणि सभेत सगळ्यात मोठा आवाज माझा. मुंबई आमच्या बापाची म्हणून गर्जायचं आणि घरी येऊन पाय उशीवर ठेवून पडायचं — हे लोकांना कसं सांगणार?

मग तो मोर्चाचा दिवस. चाळ रिकामी झाली. मीही टोपी घालून सगळ्यांबरोबर निघालो, आणि लालबागच्या अलीकडे गर्दीतून अंग काढून मागे फिरलो. रक्त तपासायचा वार होता, आणि पाय तर उचलत नव्हता. इस्पितळात रांगेत उभा राहिलो, हातात कागद. मान वळवली तर समोर भिकाजी.

भिकाजी माझ्या गावचा, मालवणकडला. मीच त्याला मिलमध्ये चिकटवला होता. मला दादा म्हणायचा. चाळीत त्याची खोली आमच्या समोरच्या गॅलरीत. त्याच्या बायकोचे, शेवंतीचे, दिवस भरत आले होते, तिला दाखवायला आणली होती, म्हणून तो मोर्चाला आला नव्हता. त्याने मला पाहिलं, हातातला कागद पाहिला, आणि नजर दुसरीकडे वळवली. मला लाज वाटू नये म्हणून! त्या वळवलेल्या नजरेचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नाही.

संध्याकाळी चौकात लोक जमले. घसे बसलेले, कपडे धुळीने भरलेले, जो तो आपली मर्दुमकी सांगत होता. मीही सांगत होतो — काय काय रचलं, देव जाणे. तेवढ्यात भिकाजी नळावर आला. मला वाटलं, आता हा बोलणार. आता तोंड उघडणार. मग मीच आधी उघडलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "काय रे भिक्या, मोर्चा सोडून बायकोची राखण? तिच्या पोटात कुणाचं वाढतंय, तुला तरी ठावूक हा?"

लोक हसले. तीच माणसं, ज्यांच्या घरी ती गणपतीत मोदक करायला जायची.

भिकाजीने कळशी खाली ठेवली. सावकाश ठेवली, सांडू दिली नाही. आला, आणि माझ्या डाव्या गालावर एक थोबाडीत दिली. एकच. त्याने मुंगीसुद्धा बघून पाऊल टाकावं, असा माणूस. मग कळशी उचलून निघून गेला. इस्पितळाचं? अक्षर बोलला नाही. तेव्हा नाही, पुढेही कधी नाही.

दुसऱ्या दिवशी उठलो तर उशी रक्ताने माखलेली. उजव्या कानातून रक्त ओघळत होतं आणि त्या बाजूने काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. इस्पितळात गेलो. चष्मेवाल्याने कानात पाहिलं. कुणी मारलं होतं का? होय, काल. कुठल्या बाजूला? मी डावा गाल दाखवला. तो म्हणाला, मग त्याचा काही संबंध नाही, हे गोळ्यांचं. रक्त फार पातळ झालंय, कानात आतपर्यंत झिरपलंय. पुड्या घेत होता का? मी हातातल्या कागदाची घडी घातली. त्याला उत्तर कळलं. म्हणाला, ऐकू येणं परत येईल असं वाटत नाही.

तर हे असं. डावा गाल, उजवा कान, आणि मधे माझ्याच हाताने खाल्लेल्या पुड्या. सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. पण त्या वाक्यात गोळ्या होत्या, इस्पितळ होतं, आणि मोर्चातून पळालेला मी होतो.

कानात कापूस खोचून चाळीत शिरलो. पहिल्याच माणसाने विचारलं, "भिक्याने मारलं त्याचं का?" मी हो म्हणालोच नाही. नुसती मान खाली घातली — माणसाने मोठ्या मनाने दुःख गिळावं तशी. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. मोर्चात पुढे असलेल्या माणसाचा कान फोडला, आणि फोडला कुणी, तर घरी बसलेल्याने. कुठल्या गालावर मारलं होतं हे एकालाही आठवलं नाही. लोकांना तमाशा दिसतो, डावं-उजवं दिसत नाही. मोर्चाचे कमिटीवाले घरी येऊन खांद्यावर शाल घालून गेले. ती मी घेतली. चांगली उबदार होती.

रक्त चार दिवसांत थांबलं. कापूस मी दोन महिने ठेवला.

भिकाजी दुसऱ्याच दिवशी पाया पडायला आला होता. "चुकलंय, दादानू," म्हणाला आणि रडला. मी भिंतीकडे तोंड केलं. चाळीचं त्याच्याशी बोलणं बंद झालं. नळावर त्याच्या कळश्या बाजूला सरकायला लागल्या. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत तो एकटा बसायचा, आणि तरी माझ्या साच्यात धागा तुटला की माझ्याआधी धावायचा. मी धावू द्यायचो. पोरगी झाली. बारशाला शेवंतीने अख्ख्या मजल्याला पुरतील एवढ्या घुगऱ्या शिजवल्या. मी त्या दिवशी कापूस बदलला, पांढराधोप घेतला, आणि जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो. माझ्यासमोरून तिकडे जायची कुणाची छाती? माझ्या बायकोने ओटीचं ताट भरून ठेवलं होतं. मी नुसतं पाहिलं, तिने ते परत फळीवर ठेवलं. दोन दिवस त्या खोलीतून घुगऱ्यांचा वास येत होता. आंबायला लागल्यावरही.

तुम्ही म्हणाल, एव्हाना तरी जीव हलला असेल. नाही हलला. खोटं कशाला सांगू?

मग एका संध्याकाळी मी गॅलरीत उभा होतो. समोर भिकाजीच्या खोलीचं दार उघडं. तो जमिनीवर बसलेला, शेवंती समोर, मांडीवर पोर. मधे चौकाएवढं अंतर, खाली नळाचा गोंगाट — पण मी साचेवाला. त्याने उजवा हात वर केला, तिच्या गालापर्यंत नेला, आणि परत घेतला. परत तसंच. लहान पोराने आकडे मोजावेत तसं तो मोजत होता. ओठ हलले. "मी ह्या हातान मारलंय. म्हणजे तेंचो डावो गाल. आणि रगात उजव्या कानातून इला." शेवंती काहीतरी बोलली, तिची पाठ होती. तो हाताकडे बघत राहिला. मला वाटलं, सापडलं याला. आता उठेल, चौकात येईल, ओरडेल. मी कठडा धरून उभा. खरं सांगतो, त्या क्षणी मला तो उठायला हवा होता.

तो नाही उठला. हात मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "नाय गो. माझाच कायतरी चुकला आसतला. दादा खोटा कित्याक बोलतले?" आणि मग, "चल, गावाक जावया."

एवढं मी वाचलं. एक एक अक्षर. चाळीस पावलं चाललो असतो तर पुरलं असतं. मी आत गेलो आणि जेवायला वाढ म्हणालो. भाकरी दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोक्यावर ट्रंक घेऊन बायको-पोरीसकट भाऊच्या धक्क्यावर बोट धरायला गेला. मी कानातला कापूस काढून टाकला, रोजच्यापेक्षा अर्धा तास लवकर मिलमध्ये गेलो, आणि जॉबरकडून, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडून, भिकाजीचे दोन साचे मागून घेतले. खिडकीजवळचे होते. तिथे वारा यायचा.