चिखलाची बादली

हसुराम नानांच्या ओटीवर, दाराच्या डाव्या हाताला, चिखलाची एक बादली असायची. रस्त्यावर पांढरी गाडी थांबल्याचा आवाज आला की नाना धुतलेली टोपी घालून बाहेर येत, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडत, आधी एक पाय बादलीत बुडवत, मग दुसरा, आणि मग हात जोडून पाहुण्यांना सामोरे जात. पावसाळ्यात याची गरज नसे. पण शेती बघायला येणारे पाहुणे बहुधा मार्चमध्ये येतात, कारण निधी मार्चमध्ये संपवायचा असतो; आणि मार्चमध्ये आमच्या खाडीकाठच्या शेतात चिखल नसतो, भेगा असतात. म्हणून नाना रोज सकाळी बादलीत तांब्याभर पाणी ओतून चिखल मऊ राखत. दुसरं कोणी इतक्या नेमाने तुळशीला पाणी घालत नसेल.

पहिल्या भेटीत मी न राहवून विचारलं, "नाना, हे कशाला?"

"शेतकरी कसा पायजे, वर धुतलेला आनि खाली मळलेला," नाना म्हणाले. "उलटं झालं तं फोटू चांगला येत न्हाय."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील होडीवर, आई सुकी मासळी घेऊन माणगावच्या बाजाराला. मी शेतकी शिकलो तेव्हा वडिलांनी सगळ्या बंदरावर पेढे वाटले आणि "पोरगा आता जमिनीवर आला" असं सांगितलं. 'विकसनशील देशात शेतीची उत्पादकता वाढवण्याचे उपाय' या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ होतं: सुधारित बियाणं, यंत्रं, सिंचन, कर्ज, बाजारपेठ, विमा, प्रशिक्षण. मनापासून सांगतो, माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. हेच उपाय गावोगाव पोचवणाऱ्या एका कार्यालयात मला कंत्राटी नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात ते सगळे उपाय मला एकाच ठिकाणी उभे दिसले. नानांच्या रस्त्याकडेच्या तुकड्यात. पाट्यांच्या रूपात.

तो तुकडा उंचावर होता, डांबरी रस्त्याला लागून. गाडीतून न उतरताही दिसायचा, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. कोणतीही नवी योजना आली की तिचा पहिला प्रयोग तिथे व्हायचा. दोरी लावून ओळीत लावणी झाली. लावणीचं यंत्र आलं, बांधावर अडकलं, फोटो काढून परत गेलं. फवारणीचं ड्रोन आलं, त्याच्या वाऱ्याने नानांची टोपी उडाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भातात ठिबक सिंचनसुद्धा झालं; वरून पाऊस कोसळत होता आणि खाली नळीतून थेंब थेंब पडत होता. प्रत्येक प्रयोग गेला, पाटी राहिली. शेवटी पाट्यांची सावली इतकी झाली की तिथलं भात पिवळं पडायला लागलं. नाना पाहुण्यांना गंभीरपणे सांगत, "ह्या जमिनीत पाट्यांचं पीक झकास येतं. कीड न्हाय, रोग न्हाय. पानीबी लागत न्हाय."

पाहुणे हसत. त्यांना वाटे, शेतकरी विनोदी आहे. तेही अहवालात लिहिण्यासारखं होतं.

नाना स्वतः मात्र कधी हसत नसत. एकदा एका तरुण साहेबांनी त्यांना विचारलं, "नाना, उत्पादकता म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगाल?"

"एका गुंठ्यात किती फोटू निगतात, ती."

पण नाना बिचारे, शोषित वगैरे होते असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांना हे सगळं आवडायचं. 'प्रगतिशील शेतकरी' म्हणून मिळालेल्या शाली कपाटात मावेनाशा झाल्या होत्या. त्यांच्या बायकोने, जनाकाकीने, त्या जोडून गोधड्या शिवल्या. घरात कोणीही आजारी पडलं तरी सत्कार पांघरून झोपायचं. काकीची जीभ नानांपेक्षा धारदार. नाना कार्यक्रमाहून परतले की ती उंबऱ्यातूनच विचारी, "आज नारळ तरी दिला का? खारीतलं भात गेलं, आता शाल शिजवू काय?"

खारीतलं भात. खरी गोष्ट ती होती, आणि ती रस्त्यावरून दिसत नव्हती.

रस्त्याच्या खाली उतरलं की गावाची सगळी शेती, म्हणजे खार, खाडीला लागून पसरलेली. मधे मातीचा लांब बांध. बांधात एक दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ते उघडून शेतातलं जास्तीचं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला बंद करून खाडीचं खारं पाणी अडवायचं. ज्यांची भातं त्या बांधाआड होती त्या सगळ्या घरांचं वर्षाचं अन्न त्या एका दारावर टांगलेलं. पूर्वी दार लाकडी होतं आणि दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस बांधावर राबायला जात असे. मग सुधारणा आली. लोखंडी दार बसलं, देखभाल सरकारकडे गेली, आणि घरटी एक माणूस मुंबईला गेला. दार गंजलं. आता प्रत्येक उधाणाला खाडी आत येत होती आणि उभं भात करपत होतं. बांध एका खात्याचा, दार दुसऱ्या खात्याचं. "पानी कुनाचंच न्हाय," नाना म्हणत, "म्हून ते बिनदिक्कत येतं."

गावाने खूप खेटे घातले. मीही घातले, नवा होतो, वाटायचं सांगितलं की होतं. एके दिवशी आमच्या साहेबांनी मला शांतपणे समजावलं, "अरे, ते आदर्श गाव आहे. भाताची उत्पादकता वाढल्याचं आपण वर कळवलंय. तिथे समस्या कशी दाखवणार? समस्या असलेल्या गावांची यादी वेगळी असते."

ते मी नानांना जसंच्या तसं सांगितलं. ते ओटीवर बसून बिडी ओढत होते. टोमणा येईल म्हणून मी थांबलो. आला नाही. बिडी विझवून म्हणाले, "म्हंजे माझा एक तुकडा कागदावर हिरवा हाय म्हून सगळी खार बुडाली."

आतून काकी म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?"

त्यानंतर पावसाळा सरता सरता मुंबईहून बड्या साहेबांची भेट ठरली. सोबत बाहेरचे पाहुणे, कॅमेरेवाले. कार्यक्रम नेहमीचा: नानांचा तुकडा दहा मिनिटं, मग जेवण आणि दर्शन हरिहरेश्वरला, उरलेला दिवसभर. शेतीच्या अभ्यासाला आलेले पाहुणे आमच्याकडून समुद्र बघूनच जातात. तारीख विचारायला मी नानांकडे गेलो.

"अवसेला आणा," नाना म्हणाले. "दुपारी बाराच्या सुमाराला."

"अमावास्येला?"

"का? ग्रॅजवेटला अवस चालत न्हाय?"

खाडीकाठी वाढलेल्या माणसाला अमावास्येच्या दुपारचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या वेळी उधाणाची भरती पुरी चढलेली असते. मी नानांकडे बघितलं. नाना बादलीकडे बघत होते. "नोकरी जाईल रे तुझी," ते म्हणाले. मी कार्यालयात जाऊन तीच तारीख वर कळवली. बड्या साहेबांना तिथी कळत नव्हती, त्यामुळे तिला लगेच मंजुरी मिळाली.

त्या दिवशी गाड्या थांबल्या तेव्हा नाना टोपी न घालता बाहेर आले. पाय कोरडे. बादलीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बडे साहेब तुकड्याकडे वळले तसे नाना म्हणाले, "हे काय बगता सायेब, हे तं नमुन्याचं. खरं शेत खाली हाय. दोन पावलं."

आमचे साहेब माझ्याकडे डोळे वटारून पाहू लागले. मी पुढे झालो तर नानांनी सगळ्यांसमोर मला कोपराने ढकललं आणि ओरडले, "बाजूला सर रे! सकाळपासनं हा तुमचा मानूस मला अडवतोय. खाली नेऊ नका, खाली नेऊ नका. का न्हेऊ नको? माझे पाहुने हायत!"

मी सकाळपासून त्यांच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो.

ती दोन पावलं बांधापर्यंत गेली. उघाडीच्या गंजक्या दाराच्या भोकांतून खाडी नुसती धो धो आत येत होती. नुकतंच निसवलेलं भात कमरेपर्यंत पाण्यात उभं होतं, आणि लोंब्यांमधून कॅमेरेवाल्यांच्या पायापर्यंत खेकडे फिरत होते. बड्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "छान आहे," ते म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. "पण आम्हाला हरिहरेश्वरला पोचायचंय. दर्शनाला उशीर नको."

"व्हय व्हय, देवाला उशीर नको," म्हणत नाना खाली वाकले. शेतात शिरलेल्या पाण्याने ओंजळ भरून ते साहेबांसमोर आले. "तीर्थ घ्या सायेब."

तीर्थ म्हटलं की आपल्याकडे उजवा हात आपोआप पुढे होतो. साहेबांचाही झाला. डावा तळवा खाली, उजवा वर, डोळे किंचित मिटलेले. नानांनी पाणी ओतलं, साहेबांनी ते तोंडात घेतलं, आणि त्यांचा चेहरा असा वाकडा झाला की पाहुण्यांपैकी एक बाई घाबरून पुढे आल्या.

"खारट हाय?" नानांनी काळजीने विचारलं.

साहेबांनी मान हलवली.

"भातालाबी तसंच लागतं," नाना म्हणाले. "त्याला थुकता येत न्हाय येवढाच फरक."

कॅमेरे चालू होते. पुढच्या आठवड्यात माणसं आली आणि तुकड्यातल्या सगळ्या पाट्या उपटून घेऊन गेली. नानांचं नाव प्रगतिशील शेतकऱ्यांतून गेलं, गाव आदर्श गावांतून गेलं. नव्या पाट्या महामार्गाजवळच्या एका गावात लागल्या, जिथून त्या अजून लवकर दिसतात. आणि आदर्श राहिलं नाही म्हटल्यावर नानांचं गाव आपसूक समस्यांच्या यादीत जाऊन बसलं. पुढच्या पावसाआधी उघाडीला नवं दार लागलं. मुंबईला गेलेल्या घरांतूनही माणसं आली, बांधावर माती टाकायला. माझी नोकरी टिकली. फेरकराराच्या वेळी आमचे साहेब म्हणाले, "तू त्या म्हाताऱ्याला अडवायचा पुष्कळ प्रयत्न केलास, ते सगळ्यांनी पाहिलंय." मी खाली मान घातली. माझ्या आयुष्यात मला ज्यांनी ज्यांनी वर ढकललं त्यांत मास्तर आहेत, आईवडील आहेत, आणि बांधावर चारचौघांत कोपराने ढकलणारे नाना आहेत.

मी त्यांचे आभार मानायला गेलो तेव्हा म्हणाले, "आभार ठेव. शाल आनली असशील तं काकीकडं दे, एक गोधडी अर्धी राहिलीय."

त्या वर्षीच्या पावसाने जमिनीतला खार बराच धुवून नेला आणि बांधाआड भात उभं राहिलं. तोवर नानांना दम्याने अंथरुणाला खिळवलं होतं. कापणीच्या सुमारास वरून फोन आला: तुमच्या त्या समस्याग्रस्त गावाचा कायापालट झाला म्हणे, भेट द्यायचीय, एखादा बोलका शेतकरी तयार ठेवा. मी नानांच्या उशाशी बसून हे सांगितलं. ते एका सत्काराखाली पडले होते. नव्या भाताची पेज काकी चमच्याने भरवत होती.

"सांग त्यान्ला," घोट गिळून नाना म्हणाले, "बादली फुटली."

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत ते गेले. जाळायला नेताना पाय धुतलेले होते. काकीनेच धुतले, घासून घासून, आणि रडता रडता म्हणाली, "आता कोन फोटू काढतंय."

'चांगला शेतकरी सुचवा' असा फोन मला अजूनही येतो. मी सांगतो, साहेब, बादली फुटली. पलीकडचा माणूस गोंधळतो आणि दुसरं गाव शोधतो. खरं म्हणजे बादली धड आहे, त्याच ओटीवर, दाराच्या डाव्या हाताला. काकी तिच्यात कोंबड्यांसाठी पाणी भरून ठेवते. विहिरीचं, गोडं.