सरिताबद्दल मी कागदावर खोटं लिहून दिलं

दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई... बाळ झोपतंय, मीच जागी. खोटं सांगून कागदावर सही केलीय मी, आन् ती एका पोरीच्या मुळावर आलीय.

आम्ही कोरेगाव भीमाला राहतो. घरामागं सासऱ्यांनी खोल्या काढल्यात, तिथं कंपनीतली लोकं भाड्यानं राहतात. शेवटच्या खोलीत सरिता आन् तिचे आईबाप. नेपाळचे हायेत, बाप हायवेच्या ढाब्यावर आचारी. सरिता पुण्याला समाजकार्याच्या कॉलेजात हाय, दुसरं वर्ष.

परवा दुपारी दोन पोरी आल्या, गळ्यात कॉलेजचं कार्ड. सर्वे हाय म्हणाल्या. मला काकू म्हणाल्या... मी तेवीसची हाय. बाळाला डोस दिले का, पाणी कुठलं पिता, गोड गोड इचारलं. मी चहा टाकला.

मग म्हणाल्या, "ती मागची सरिता इथं कधीपासून राहते?"

आता आमच्याकडं कसंय, हातात कागद घेऊन कुणीबी आलं की भाडेकरूंना पाव्हणे म्हणायचं, दोनच महिने झालेत म्हणायचं. ग्रामपंचायतीची पट्टी, पोलिसातला भाडेकरूचा फॉर्म, नको ती कटकट. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी शिकवलेलं. तोंडातून तेच गेलं.

त्यांनी लिहिलं, मी सही केली. वाचलं न्हाई... मला वाचाया येळ लागतो, त्यांच्यापुढं लाज वाटली.

संध्याकाळी सरिता आली तवा कळलं. त्या तिच्याच वर्गातल्या. ही बाहेरची, हिचे दाखले खोटे, हितल्या पोरीची सीट हिनं घेतली, असा अर्ज वर्गातनं दिलाय. तिला कुणी गटात घेत न्हाई, मोमो म्हणून हाक मारतात. आता त्या अर्जाला माझी सही जोडलीय. सोमवारी तिला कॉलेजच्या ऑफिसात बोलावलंय, ॲडमिशन जाईल म्हणतात.

ती चिडली न्हाई. एवढंच म्हणाली, "वहिनी, तुमच्या लग्नात पंगतीला मीच वाढत होते की ओ."

व्हय, वाढत होती. पहिलीपासनं हितल्याच शाळेत शिकलीय ती. चिडली असती तर बरं झालं असतं...

डोकं चालंना झालंय. ह्या पोरी लोकांचं भलं करायचं शिकतात ना? मग चहा पिऊन हे काय केलं? आन् मी तरी काय केलं? खरं सांगाया गेले तर पोलीस आमच्या दारात येतील का? खोटं सांगून सही केली म्हणून आत टाकतात का? कुणाला इचारू...

आमचे हे म्हणतात, गप बस. सासूबाई म्हणाल्या, "लई पुळका आला आसंल तर जा तिच्याच खोलीत राहाया."

हे वाचून घरात काय होईल माहीत न्हाई. पण सोमवारी मला त्या ऑफिसात जायचंय, माझ्या तोंडानं सांगायचंय. बाळाला घेऊन एकटी पुण्याला कधी गेले न्हाई.

माझा भाऊ सागर कासुर्डीला असतो. जत्रेला मला माहेरी धाडलं न्हाई, तवापासून रुसलाय, माझा फोन उचलत न्हाई. तिकडचं कुणी हे वाचत आसंल तर त्याला फोन करा. म्हणावं, सोमवारी सकाळी आठला गाडी घेऊन चौकात थांब, घरी येऊ नको... म्हणावं, राग आसू दे, पण ये.