आप्पांचा तांब्या आणि माझी नळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला, नीलिमाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. माझ्याबद्दल चांगलं मत करून घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या.

ऐंशीच्या दशकात आम्ही कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत घर घेतलं. मागच्या अंगणात आयता ओक मिळाला — जुना, ऐसपैस, बाराही महिने हिरवा. घर बघायला आलेला प्रत्येक मराठी माणूस त्याच्याखाली उभा राहून 'काय झाड आहे यार!' म्हणायचा आणि आत येऊन कार्पेट कुठून घेतलं ते विचारायचा. मला ते झाड नको होतं. तिथे फॅमिली रूम काढायची होती. का? तर आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे होती म्हणून. याहून मोठं कारण सापडतंय का, मी पुष्कळ शोधलं. नाही.

ओक तोडायला सिटीची परमिशन लागते. मिळाली नाही, झाड निरोगी आहे म्हणाले. सिटीचा माणूस भला, जाता जाता मला समजावून गेला. इथला पाऊस हिवाळ्यातला, उन्हाळा कोरडा ठणठणीत, आणि हे झाड त्यालाच सरावलेलं. पाऊस कमी झाला तर वाढ आखडतं, पण तग धरतं. फक्त उन्हाळ्यात बुंध्याशी पाणी घालू नका — तापलेली माती ओली राहिली की मुळं कुजतात.

मूर्ख माणूस! कुणाच्या हातात काय देतोय, कळलंच नाही त्याला.

पुढे दुष्काळ पडला. लॉन पिवळी झाली. शेजारी भांडी विसळलेलं पाणी गुलाबांना घालत होते. आणि मी? कामावर निघताना नळी बारीक सोडून ओकच्या बुंध्याशी ठेवायचो, वरून पाचोळा लोटायचो. दोन उन्हाळे. पहिल्या वर्षी झाडाला अशी पालवी फुटली की नीलिमा म्हणाली, "यंदा छान वाढलंय, नाही?" मी हो म्हटलं. झाडही माझ्याच लायकीचं — फुकट मिळतंय म्हणून पीत सुटलं.

तिसऱ्या वर्षी माझे सासरे, आप्पा, साताऱ्याहून राहायला आले. रिटायर्ड हेडमास्तर. तोवर पानं तपकिरी होऊन गळायला लागली होती. आप्पांना वाटलं, तहानलंय बिचारं. रोज अंघोळ झाली की तांब्याभर पाणी बुंध्याशी घालायचे आणि हात जोडायचे. मी खिडकीतून बघून हसायचो. गावंढळ वाटायचे मला ते — हो, गावंढळ.

मग सिटीचा तोच माणूस आला. त्याने साल खरवडली. आत सगळं काळं, बुरशीचा वास. "याला पाणी कोण घालतं?" त्याने विचारलं. नीलिमा तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "माझे सासरे. रोज." खोटं होतं का? किती घालतात ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, म्हणतात ना — फांदी मी आधीच करवतून ठेवली होती, कावळा तेवढा हवा होता.

नीलिमाने आप्पांना मराठीत सगळं समजावलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आणि मी? पार्ट्यांमधून 'आमच्या सासऱ्यांनी तांब्याने ओक पाडला' हा जोक करत फिरलो. लोक हसायचे. डॉक्टर, इंजिनिअर, सगळे खो खो हसायचे. परमिशन मिळाली, ओक तोडला, फॅमिली रूम झाली. आप्पांनी साताऱ्याला परतल्यावर गच्चीतल्या कुंड्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या. "माझ्या हाताला गुण नाही गं," फोनवर लेकीला म्हणाले. ते गेले त्याला आता वर्षं झाली.

पण हेही सगळं मी बाजूबाजूने सांगतोय. सांगायचं होतं ते एअरपोर्टवरचं.

नीलिमा बॅगांच्या रांगेत होती. आप्पा माझ्याजवळ आले आणि त्या गर्दीत त्यांनी मला हात जोडले — मला, जावयाला, चाळिशीही न गाठलेल्या पोराला. "तुमचं एवढं जुनं झाड गेलं माझ्यापायी," म्हणाले. "मला माफ करा." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या आप्पा," मी म्हणालो. "मनावर घेऊ नका."

मी त्यांना माफ केलं.