कोरा राहिलेला कंट्रोल

माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझ्या टेक्निशियनचा उजवा हात मोडला, तो माझ्यामुळे. नाशकात आजही लोक म्हणतात, त्याने स्लाइड बिघडवली म्हणून मार खाल्ला. तसं नव्हतं.

सिन्नरच्या एका बाईच्या स्तनातली गाठ तपासायला आली होती. हार्मोनच्या गोळ्या तिला लागू पडतील का, ते पाहायचं होतं. गाठीच्या पातळ कापावर अँटिबॉडी सोडायची. हवं ते प्रथिन असलं तर पेशी तपकिरी होतात, म्हणजे गोळ्या लागू. त्याच काचेवर शेजारी एक जुना तुकडा लावतात, हमखास तपकिरी होणारा. तो कंट्रोल. तोच कोरा राहिला तर अँटिबॉडी मेलेली, तपासणी रद्द.

त्या दिवशी दोन्ही तुकडे कोरे होते.

"सर, कंट्रोलला रंगच चढला नाही," टेक्निशियन म्हणाला. "रिपोर्ट देऊ नका. उद्या नवी बाटली फोडून परत लावतो."

बाहेर बाईचा भाऊ काउंटरवर मुठी आपटत होता. "किती चकरा मारू? आज रिपोर्ट घेतल्याबिगर हलत नाय!" त्याने खुर्ची उचलून भिंतीवर घातली. मी घाबरलो. 'निगेटिव्ह' लिहून सही केली.

गोळ्या सुरूच झाल्या नाहीत. पुढे मुंबईत तीच गाठ पुन्हा तपासली, तर तपकिरी निघाली. तोवर आजार हाडांत उतरला होता.

भाऊ माणसं घेऊन आला. काचा फुटल्या, मायक्रोस्कोप फरशीवर आपटला. माझी कॉलर धरून त्याने विचारलं, "कोनी केलं?"

मी बोट दाखवलं. "स्लाइड यानं लावली."

त्यांनी टेक्निशियनचा हात चौकटीत धरला आणि दार लाथेने लावलं. उघडलं, पुन्हा लावलं. तो माझ्याकडे बघून ओरडत होता, "सर, सांगा ना!"

मी सांगितलं नाही.

त्याची बहीण केव्हाच गेली. गेल्या महिन्यात मी सिन्नरला तिच्या भावाच्या घरी गेलो आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं. त्याने थोबाडीत मारली. चष्मा अंगणात उडाला. दुसऱ्यांदा उगारलेला हात मात्र वरच राहिला.

"त्यो नको म्हनला व्हता?"

"हो."

"आन् मी त्याचीच बोटं..." तो आपल्या पंजाकडे बघत राहिला. "कुठं राहतो?"

"पंचवटीत."

त्याने चष्मा उचलून माझ्या हातात कोंबला आणि जीप काढली. "बसा, डॉक्टर. हेच त्याच्या म्होरं सांगा. मंग मी बी बोलतो."

तोंडात रक्ताची चव होती. मी चढून बसलो.