मोठ्या घरचं खोगीर

आमच्या बैठकीत टीव्हीच्या वर एक खोगीर टांगलेलं आहे. कातडी, पुढे पितळी मूठ, दोन्ही बाजूंना रिकिबी. दर दसऱ्याला ते खाली काढायचं, खोबरेल तेलानं पुसायचं, हळदकुंकू वाहून परत टांगायचं, हे काम लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडे आहे. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, आल्यागेल्याला सांगतात की आमचे पूर्वज माळव्यातून घोड्यांवर आले आणि हे त्यांच्यापैकी एकाचं. सासूबाई होत्या तेव्हा भाजी निवडता निवडता मी एकदा त्यांना खरं काय ते विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "या घरात मी घोडा नाही पाहिला, अन् घोड्यावर बसता येणारा मानूसबी नाही पाहिला. तुझा सासरा त सायकलवरून तळ्यात गेला होता." मग म्हणाल्या, "पण राहू दे टांगलेलं. सोयरे आले का बरं दिसते."

माझी त्या खोगिराबद्दल काही तक्रार नव्हती. भिंतीवर होतं तोवर ते कोणाचं काही बिघडवत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात भासऱ्यांच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगी इकडच्याच, तालुक्याच्या गोरेगावची, घर पैशानं आमच्याहून वरचढ. साखरपुड्याला त्यांनी जो थाट केला तो भासऱ्यांना लागला. काही दिवसांनी त्यांना सुचलं. नवरदेव घोडीवर तर सगळ्यांचेच जातात. आपला जाईल तो आपल्या पूर्वजांच्या खोगिरावर बसून.

घरातलं लग्नकार्य माझ्या अंगावर असतं. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मला घड्याळ कळतं, आणि अडलेलं काम पाहवत नाही. त्यामुळे घोडीवाल्याकडे खोगीर लावून पाहायला मीच गेले. नवरा मोटारसायकल चालवत होता आणि मी मागे, मांडीवर खोगीर धरून. चौकात एक ओळखीचे गृहस्थ ओरडले, "वहिनी, घोडा कुठं सोडला?" आम्ही दोघंही हसलो. तोवर हसण्यासारखंच होतं.

घोडीवाला गोरेगावच्या कडेला राहतो. माझ्याच वयाचा, सडपातळ, कमी बोलणारा. निंबाखाली पांढरी घोडी बांधलेली होती, आणि तिचं स्वतःचं खोगीर ओट्यावर ठेवलेलं होतं. कापूस भरलेलं, मरून मखमलीचं, जरीची झालर लावलेलं. खरं म्हणजे वरातीच्या घोडीला तेवढंही लागत नाही. नवरदेव काही तिला हाकत नाही. लगाम घोडीवाल्याच्या हातात, आणि चाल बँडवाल्याच्या मर्जीची. नवरदेवानं फक्त वर बसायचं आणि पडायचं नाही.

त्यानं आमचं खोगीर तिच्या पाठीवर ठेवलं, थोडं पुढं-मागं केलं, आणि काढून घेतलं.

"बसत नाई बाई. हे अरुंद हाय. हिची पाठ रुंद."

नवरा म्हणाला, थोड्याच वेळाचा तर प्रश्न आहे. वऱ्हाड उतरायचा जानोसा शाळेत, तिथून बाजारातून लॉनपर्यंत.

"थोडाच टाइम हाय, मान्य. पन माज्यापाशी हे एकच घोडी हाय. हिची पाठ गेली त माजा सीझन गेला. पानी लागल्यावर लगनं कोठं रायतेत?"

त्यानं ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. आज बाजार आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

मी खोगीर उलटं केलं. इतकी वर्षं मी त्याला तेल लावत होते ते वरून. खालची गादी वाळून खापरासारखी झाली होती, मधून उंदरांनी कुरतडली होती, आणि एका जागी पितळी खिळ्याचं डोकं वर आलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ कशी जाते ते मी रोज पाहते. आधी लाली येते, मग काळसर होतं, आणि मग एक दिवस चादर बदलताना कातडी चादरीबरोबर येते. शिवाय माझं माहेर केशोरीचं, धानाच्या शेतीचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी वडील तूप-हळदीत पळसाची पानं बुडवून बैलांचे खांदे शेकायचे आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतन द्यायचे. जुवाखालचा खांदा सुजला की बैल आठ-आठ दिवस उभा राहायचा. तेव्हा मला कळलं नाही असं म्हणायला जागा नाही. त्या अंगणातल्या कोणाहीइतकंच मला कळत होतं.

पण मी तिथं अडलेलं काम सोडवायला गेले होते. दगडानं खिळा ठोकून आत बसवला. दुसऱ्या दिवशी घरून एक मऊ झालेली जुनी गोधडी नेली, तिची चौपदरी घडी करून कडा टाचल्या, आणि ती खोगिराखाली घालून पाहिली. घोडी शांत उभी राहिली. घोडीवाल्यानं तिला निंबाभोवती फिरवलं, खोगिराखाली हात घालून चाचपलं.

"एवढी घडी राह्यली त चालन," तो म्हणाला.

राहील, मी म्हटलं. मी स्वतः बांधीन.

परतताना नवरा म्हणाला, "तू असलीस की अडत नाही." मला ते ऐकून बरं वाटलं. तेही इथं लिहिते.

वरातीच्या संध्याकाळी मी शब्दाप्रमाणे गोधडी घातली आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना शेजारी उभी राहिले. पुतण्या अंगानं भारी. त्याच्या पुढ्यात भाचीचा छोटा मुलगा शहाबाला, नवरदेवाचा सोबती, म्हणून बसवला. डीजे सुरू झाला, बायका पुढं, पुरुष त्यांच्याही पुढं. भासरे घोडीच्या बाजूनं चालत होते, आणि लोक खोगिराकडे पाहतात की नाही ते पाहत होते. लोक पाहत होते. एका दुकानदारानं हात लावून विचारलंसुद्धा, आणि भासऱ्यांनी डीजेच्या आवाजात त्याला माळव्यापासून सगळं ऐकवलं.

बाजाराच्या वळणावर व्हिडिओवाला अडला. कॅमेरा खाली घेऊन त्यानं भासऱ्यांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. वरातीच्या हिसक्यांनी गोधडीची घडी एका बाजूनं सरकली होती आणि खोगिराखालून तिचं टोक लोंबत होतं. निळी फुलं, पिवळी किनार, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. पूर्वजांच्या खोगिराखाली ती चांगली दिसत नव्हती, हे खरं.

भासरे मला थेट काही बोलत नाहीत. आमच्याकडे जुनी रीत आहे. ते माझ्या नवऱ्याकडे पाहून म्हणाले, "ते लोंबून राहिलं ते काढायला सांग. समोर सोयरे उभे आहेत."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आधी ते टोक आत खोचून पाहिलं. ते पुन्हा बाहेर आलं. थांबून, नवरदेवाला उतरवून, सगळं नव्यानं बांधणं हा एक उपाय होता. मागून वऱ्हाडी ढकलत होते, पुढं मुलीचे काका हार घेऊन उभे होते. मी पुतण्याला पाय वर घ्यायला सांगितलं आणि तंगाचं एक भोक सैल केलं.

घोडीवाला लगाम धरून तोंडाशी उभा होता. त्याला दिसलं.

"बाई, राहू द्या ते."

"पाचच मिनिटं उरली आहेत," मी म्हटलं, आणि दोन्ही हातांनी गोधडी ओढून काढली. घोडीच्या कुशीची कातडी थरारली, माशी बसल्यावर थरारते तशी. मी तंग पुन्हा आवळला. मीच.

पाच मिनिटं नव्हती. चौकात फटाके लागले, मुलीकडचे तरुण नाचायला आले, मग आमचे नाचले, मग दोन्हीकडचे एकत्र. घोडी एका जागी उभी राहीना. मागचे पाय आलटून-पालटून टेकवी, मान झटकी, पाठ खाली घेई. लोक म्हणाले, पहा, घोडीसुद्धा नाचून राहिली. डीजेवाल्यानं माइकवरून तेच सांगितलं आणि आवाज वाढवला. घोडीवाला तिच्या कानाशी काहीतरी बोलत होता. मी गोधडी काखेत मारून उभी होते आणि विचार करत होते तो एवढाच, की रेशमी साडीवर हे बोचकं घेऊन आता आत कसं जायचं.

लॉनमध्ये गेल्यावर खोगीर कोणी उतरवलं ते मी पाहिलं नाही. आत मानपानाचं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या भांड्यांबरोबर टेम्पोतून खोगीर घरी आलं. मी ते अंगणात उलटं केलं. वाळलेल्या गादीत पांढरे केस रुतले होते आणि त्यांच्यावर तपकिरी, चिकट, काही ठिकाणी सुकलेलं. खिळा पुन्हा वर आला होता. मला असल्या गोष्टींची सवय आहे. कोमट पाण्यात जंतुनाशक घालून मी ते पुसून काढलं, केस चिमट्यानं उपटले, उन्हात वाळवलं, तेल लावलं आणि टांगलं. तेल लावायची खरं तर गरज नव्हती. दसरा लांब होता.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, देऊन टाकू त्याला काहीतरी वरतून. द्यायला जायचं मात्र कोणाच्या तोंडून निघालं नाही, माझ्याही नाही. दवाखान्याच्या मीटिंगला मी दर आठवड्याला गोरेगावला जाते. बसस्टँडवरून त्याच्या घराकडून जाणारा रस्ता जवळचा पडतो. मी बाजारातून वळसा घालून जाऊ लागले. लग्नाचा व्हिडिओ आला तेव्हा सगळं घर बैठकीत बसून पाहत होतं. घोडी नाचते तो भाग भासऱ्यांनी मुलांना मागं घेऊन दाखवायला लावला. मी चहा टाकायला उठले.

पाऊस यायच्या आधीची शेवटची लग्नं चालली होती. आमच्या दवाखान्यातल्या फार्मासिस्टच्या मुलाचं लग्न गोरेगावलाच होतं, आणि मी वरातीत होते. घोडी आली. तीच. पाठीवर तिचं स्वतःचं मखमली खोगीर, आणि त्याखाली मानेपासून शेपटीपर्यंत लाल झूल, आरसे लावलेली, जवळजवळ गुडघ्यापर्यंत उतरलेली. बायका म्हणाल्या, किती छान सजवली. त्या उन्हात त्या जनावरावर एवढी जाड झूल कशाला, ते फक्त मला आणि घोडीवाल्याला माहीत होतं.

मी जवळ गेले. झुलीची कड उचलायला हात पुढं केला तर त्यानं माझ्या हाताच्या आधी आपला हात तिथं ठेवला. चिडून नाही. घरातली उघडी पडलेली गोष्ट झाकावी तसा. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "कोनाले सांगू नोका, बाई."

मी त्याची माफी मागायला गेले होते असं मला वाटत होतं. आणि तो माझ्याकडे गयावया करत होता. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती, माझी असायला हवी होती ती.

मी विचारलं, जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं का?

"दाखवलं न. डाक्टर मनते, बसवू नोका. बसवू नोका त खाऊ काय? घेतलेल्या तारखा हायेत."

तेवढ्यात नवरदेवाला आणलं. तो बसला तशी घोडीनं पाठ खाली घेतली आणि एक पाऊल आडवं टाकलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

सांगावं तर त्याचं उरलंसुरलं जातं. न सांगावं तर घोडी सोसतेच आहे. मी थोडा वेळ वरातीबरोबर चालले. मग फार्मासिस्टला गाठलं आणि म्हटलं, भाऊ, आता नवरदेव चौकातून चालतच नेतात. बापलेक हातात हात घालून नाचत मंडपात आले की व्हिडिओत फार उठून दिसतं. घोडीवर बसला की त्याचा चेहरा कुठं येतो? त्यांना ते लगेच पटलं. व्हिडिओवाल्यालाही पटलं. चौकात नवरदेव उतरला, आणि बाप त्याला मिठी मारून नाचायला लागला.

इतकं सोपं होतं. माझ्या घरच्या वरातीत, काखेत गोधडी मारून उभी असताना, हेच वाक्य भासऱ्यांपर्यंत पोचवायला मला कोणी अडवलं नव्हतं. सुचलं नाही. त्या वेळी मला दुसरंच सुचत होतं.

घोडीवाल्यानं घोडी गर्दीतून बाजूला घेतली. मी त्याच्याजवळ गेले. आता तो काही बरं बोलेल असं मला वाटलं असावं, नाहीतर मी गेले नसते. त्यानं तंग सैल केला, झुलीखाली हात घातला, आणि तो हात पँटला पुसत माझ्याकडे पाहिलं.

"उद्या आमगावले हाय लगन," तो म्हणाला. "तिथं येता का तुमी?"

मी नाही म्हटलं. उद्या माझी लसीकरणाची ड्युटी होती.